वेंगुर्ल्याला जाताना: एका वेंगुर्लेकराने दिलेली माहिती

बेळगावातून हिंडलग्याकडे जाणाऱ्या रस्त्याला आपण सगळे वेंगुर्ला रोड म्हणतो. आपल्या मंडळातील निम्मे सभासद आठवड्यातून एकदा तरी त्या रस्त्याने जात असतील. मात्र रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन दोन दिवस राहिलेत का, असे विचारले तर फार थोडे जण 'हो' म्हणतात. बहुतेकांनी वेंगुर्ला गाडीच्या खिडकीतून पाहिलेले असते. सकाळी निघायचे, रेडीच्या गणपतीचे दर्शन घ्यायचे, शिरोड्याच्या वेळागरला तासभर पाण्यात खेळायचे, जेवायचे आणि संध्याकाळी घाट चढायचा, किंवा पुढे गोव्याला जायचे.

मी मूळचा वेंगुर्ल्याजवळच्या उभादांड्याचा. शाळा तिकडेच झाली. बी.कॉम. करून बँकेत लागलो, बदल्या होत होत बेळगावला आलो आणि इथलाच झालो. गावचे घर अजून आहे, वर्षातून चार-पाच वेळा ते उघडायला जातो. त्यामुळे मंडळातले लोक सहलीआधी मला फोन करतात. 'राहायचे कुठे, खायचे काय, पाहायचे काय' हे प्रश्न तेच असतात. सगळी उत्तरे एकदा नीट लिहून ठेवावीत म्हणून हा लेख. त्यात एक माहिती अशी आहे, जी मी एकदा वेळेवर सांगितली नव्हती. ती समुद्राविषयीच्या भागात येईल. बाकीचे वाचायला वेळ नसेल तर निदान तो भाग घरातल्या मुलांना वाचून दाखवा.

बेळगाव आणि वेंगुर्ल्याचा जुना संबंध

वेंगुर्ला हे एके काळी मोठे बंदर होते. डच व्यापाऱ्यांनी १६३७ मध्ये येथे वखार घातली. गोव्यातल्या पोर्तुगीजांची नाकेबंदी करणाऱ्या त्यांच्या जहाजांना अन्नपाणी पुरवायला हे ठिकाण सोयीचे होते. १८१२ मध्ये सावंतवाडी संस्थानाने वेंगुर्ला इंग्रजांना दिले. पुढे बेळगावला लष्करी छावणी झाल्यावर तिचे बंदर वेंगुर्लाच होते. पलटणी, सामान आणि टपाल बोटीने वेंगुर्ल्याला उतरायचे आणि घाट चढून बेळगावला यायचे. देशावरचा कापूस उलट दिशेने खाली जायचा. आपला वेंगुर्ला रोड हा त्या वाहतुकीचा रस्ता. नगरपालिका १८७६ मध्ये स्थापन झाली, यावरून त्या काळातले गावाचे महत्त्व लक्षात येईल.

नंतर मुरगाव बंदराला रेल्वे जोडली गेली आणि घाटावरचा माल तिकडे वळला. वेंगुर्ल्याचा व्यापार ओसरला. कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाली, पण तीही वेंगुर्ल्याला न येता सावंतवाडी-कुडाळवरून गेली. गावात घाईगर्दी नाही, याचे कारण हे आहे. बाजार दुपारी एकला बंद होतो आणि चारच्या सुमारास उघडतो. दुकानदार जेवून झोपतो. गिऱ्हाईक दाराशी उभे आहे म्हणून तो उठणार नाही, आणि त्याबद्दल त्याच्यावर कोणी रागावतही नाही. हे ज्यांना चालत नाही, त्यांना वेंगुर्ला आवडणार नाही.

कसे जावे

बेळगाव ते वेंगुर्ला अंतर सुमारे १२५ किलोमीटर. हिंडलगा, शिनोळी, पाटणे फाटा, नागनवाडी, मग चंदगड तालुक्यातून आंबोली. आंबोली घाट उतरला की दाणोली, सावंतवाडी. तिथून तळवडे, होडावडे, तुळस मार्गे वेंगुर्ला. स्वतःच्या गाडीने चहापाण्यासह साडेतीन तास धरावेत. पावसाळ्यात आंबोलीला दाट धुके असते आणि दरडीही कोसळतात. म्हणून जून ते सप्टेंबर घाट दिवसाउजेडीच उतरावा आणि निघण्याआधी रस्ता चालू आहे का ते विचारून घ्यावे.

एस.टी.ने जाणाऱ्यांना थेट वेंगुर्ल्याची गाडी मिळाली तर उत्तम. नाहीतर सावंतवाडीला उतरावे, तिथून वेंगुर्ल्याच्या गाड्या मिळतात. मुंबई-पुण्याकडची पाहुणेमंडळी येणार असतील तर त्यांनी कोकण रेल्वेने सावंतवाडी रोड किंवा कुडाळला उतरावे. दोन्हीकडून वेंगुर्ला साधारण २५ ते ३० किलोमीटर आहे. विमानतळ वेंगुर्ला तालुक्यातच चिपीला आहे, पण विमाने नियमित आहेत का ते पाहूनच तिकिटे काढावीत. गोव्याचा मोपा विमानतळही फार लांब नाही.

सावंतवाडीला मोती तलावाजवळ अर्धा तास थांबायला हरकत नाही. राजवाड्यात अजून गंजिफा रंगवतात आणि बाजारात लाकडी खेळणी मिळतात. लहान मुले बरोबर असतील तर खेळणी परतताना घ्या, नाहीतर पुढचा सगळा रस्ता भांडणात जाईल.

कधी जावे

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे महिने सर्वांत चांगले. हवा बरी असते, समुद्र शांत असतो आणि गावोगावी जत्रा चालू असतात. मार्च ते मे उकाडा आणि घाम, पण काजू, आंबा, फणस, कोकम हे सगळे तेव्हाच. फळांसाठी जायचे तर उकाडा सोसावा. पावसाळ्यात गाव हिरवेगार आणि सुंदर दिसते, मात्र समुद्र फक्त लांबून पाहायचा. जून-जुलैमध्ये यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा ताज्या माशांची अपेक्षा ठेवू नये. त्या दिवसांत आमच्याकडे सुका बांगडा, सुकी कोळंबी आणि नदी-ओहोळातले मासे खातात.

गणपतीच्या दिवसांत शक्यतो जाऊ नये. मुंबईकर चाकरमानी घरी आलेले असतात, गाड्या भरलेल्या असतात, घराघरात पूजा-आरती-भजन असते आणि घरगुती राहण्याची सोय करणाऱ्यांनाही पाहुणे नको असतात.

राहणे आणि खाणे

गावात लहान लॉज आहेत. उभादांडा, मोचेमाड, शिरोडा, भोगवे या किनाऱ्यांवर घरगुती निवास आहेत. कुटुंबासह जात असाल तर घरगुती निवास घ्यावा, असे मी सांगेन. खोल्या साध्या असतात, पण जेवण घरचे मिळते. एक लक्षात ठेवा: जेवण आधी सांगावे लागते. रात्री नऊला पोहोचून 'आठ थाळ्या लावा' म्हटले तर मिळणार नाहीत. सकाळी सांगा, किती माणसे, मासे खाणारे किती, शाकाहारी किती. मग घरधनीण बाजारात काय आले ते पाहून ठरवते.

सुरमई-पापलेटचाच हट्ट धरू नये. 'आज ताजे काय आहे?' एवढेच विचारावे. बांगडा ताजा असेल तर तिरफळे घातलेले बांगड्याचे सार खाऊन पाहा, सुरमईची आठवण येणार नाही. तारली, पेडवे हे स्वस्त मासे, पण चव उत्तम, काटे मात्र सांभाळावेत. खाडीच्या तिसऱ्या मिळाल्या तर सोडू नका. शेवटी भातावर सोलकढी. नारळाचा रस काढून केलेली सोलकढी फिकट गुलाबी असते. भडक रंगाची दिसली तर जेवणाबद्दल थोडी शंका घ्यावी.

शाकाहारी सभासदांनी निराश होऊ नये. काळ्या वाटाण्याची उसळ आणि वडे, मार्च-एप्रिलमध्ये ओल्या काजूगरांची उसळ, फणसाची भाजी, सकाळी घावणे आणि ओल्या खोबऱ्याची चटणी, हे सगळे आमच्या घरोघरचे आहे. शिरवाळे, म्हणजे तांदळाच्या ताज्या शेवया आणि गूळ घातलेला नारळाचा रस, हा प्रकार हॉटेलात सहज मिळत नाही. मेहनतीचे काम आहे. घरगुती निवासात एक दिवस आधी विनंती करून पाहावी.

गावात काय पाहावे

पहिल्या दिवशी संध्याकाळी बंदरावर जावे. धक्क्यावर गाव जमलेले असते. म्हातारे कठड्यावर बसलेले, मुले गळ टाकून मासे पकडताना. जवळच्या टेकडीवर दीपगृह आहे. हवा स्वच्छ असेल तर वर चढून पश्चिमेला पाहावे, समुद्रात दूरवर खडकाळ बेटांची रांग दिसते. त्यांना वेंगुर्ला रॉक्स म्हणतात. त्या बेटांच्या गुहांत भारतीय पाकोळी नावाचे पक्षी लाळेपासून घरटी बांधतात. या घरट्यांची परदेशी बाजारासाठी चोरी होत असे, आणि ती पक्षीमित्रांनी व वनखात्याने उघडकीस आणली. बेटांवर जायचा विचार मनात आणू नका, किनाऱ्यावरून पाहणे पुरेसे आहे.

बंदराजवळच मांडवी खाडीवर झुलता पूल आहे. मुलांना आवडतो. या खाडीत बचतगटाच्या महिला होडीतून कांदळवन दाखवतात. वल्ही त्याच मारतात आणि माहितीही त्याच देतात. तिवर कोणते, चिपी कोणती, कांदळ कोणते आणि कुठल्या मुळांत कुठला मासा पिल्ले घालतो, हे त्या बायांइतके चांगले कोणी सांगणार नाही. भरतीच्या वेळेवर फेरी अवलंबून असते म्हणून आदल्या दिवशी विचारावे.

डच वखार बाजारापासून फार दूर नाही. फार अपेक्षा ठेवून जाऊ नये. जाड भिंती उभ्या आहेत, छप्पर गेले आहे, झाडे वाढली आहेत. पण पावणेचारशे वर्षांपूर्वी कुठल्या कुठल्या देशातली माणसे इथे मिऱ्या-कापडाचा हिशोब लिहीत बसली होती, हे डोळ्यांसमोर आणले तर अर्धा तास छान जातो. पडक्या भिंतींवर चढू नये.

बाजारात नगरपालिकेचे जुने क्रॉफर्ड मार्केट आहे. सकाळी जावे. भाजी, नारळ, फुले, केळी घेऊन आजूबाजूच्या गावांतल्या बायका बसतात. तिथे घासाघीस थोडी करावी, फार नाही. पाच रुपयांसाठी त्यांच्याशी वाद घालणारे आणि हॉटेलात दोनशे रुपये न पाहता देणारे, असे दोन्ही हिशोब एकाच माणसाकडे पाहिले आहेत.

वेंगुर्ल्याचे फळ संशोधन केंद्र १९५७ पासून आहे. आता ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाकडे आहे. कोकणभर लावलेल्या 'वेंगुर्ला-४', 'वेंगुर्ला-७' या काजूच्या जाती इथल्या. आंब्याचे 'रत्ना' आणि 'सिंधू' हे संकरितही इथलेच. रत्ना हा नीलम आणि हापूस यांच्या संकरातून झाला. सिंधूची बाठ अगदी पातळ असते. ज्यांची चंदगड-खानापूरकडे थोडीफार शेती आहे, त्यांनी परवानगी घेऊन केंद्र जरूर पाहावे, आणि कलमे घ्यायची असतील तर अशा ठिकाणचीच घ्यावीत.

आणखी एक ठिकाण सांगतो, हसू नका. नगरपरिषदेचा कचरा डेपो. कचऱ्याचे वीसहून जास्त प्रकारांत वर्गीकरण, ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस आणि खत, प्लास्टिकचे तुकडे करून डांबरी रस्त्यासाठी वापर, अशी व्यवस्था वेंगुर्ल्याने उभी केली आणि बाहेरगावचे लोक ती पाहायला येऊ लागले. म्हणूनच वेंगुर्ल्याला जाताना कुरकुऱ्यांची पाकिटे आणि पाण्याच्या बाटल्या किनाऱ्यावर टाकून येऊ नका. गाव ज्याचा हिशोब ठेवते, तो बिघडवणारे बहुधा आपणच पाहुणे असतो.

आसपासचे किनारे आणि गावे

दक्षिणेकडे निघालात की मोचेमाडचे वळण येते. उतारावरून खाली नदी, नारळाच्या बागा आणि किनारा एकदम दिसतो. गाडी रस्त्याच्या कडेला नीट लावूनच फोटो काढावेत.

पुढे आरवली. येथील वेतोबा हा आमच्या भागाचा राखणदार. पुरुषभर उंचीहून मोठी उभी मूर्ती आहे. पूर्वी ती फणसाच्या लाकडाची होती, आता पंचधातूची आहे. वेतोबाला केळ्यांचे घड आणि मोठ्या चामड्याच्या चपला वाहतात. देव रात्री गावाच्या सीमेवर फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. तिथे ठेवलेल्या चपला पाहून मुले हसतात, त्यांना आधी सांगून ठेवावे. समोर हात जोडून उभी राहिलेली माणसे नवस फेडायला आलेली असतात. लेखक जयवंत दळवी या आरवलीचे. त्यांची माणसे कुठून आली हे इथे दोन तास बसले की कळते.

त्यापुढे शिरोडा. वि. स. खांडेकर १९२० ते १९३८ अशी अठरा वर्षे येथील शाळेत शिक्षक होते. त्यांच्या आठवणींचे संग्रहालय आहे. मे १९३० मध्ये शिरोड्याच्या मिठागरांवर मिठाचा सत्याग्रह झाला. दांडीचे नाव सगळ्यांना माहीत असते, शिरोड्याचे नसते. मुलांना ही जागा दाखवावी. वेळागरचा किनारा सुरूच्या झाडांमुळे प्रसिद्ध आहे.

शेवटी रेडी. १९७६ मध्ये लोहखनिजाच्या खाणीत सापडलेली द्विभुज गणपतीची मूर्ती येथे आहे. नंतर त्याचा उंदीरही सापडला. जवळच यशवंतगड आहे. चढायला सोपा, सावली भरपूर आणि गर्दी कमी. गणपतीचे दर्शन घेऊन शंभरातले नव्वद लोक तसेच परत फिरतात.

उत्तरेला वायंगणी, कोंडुरा, खवणे, निवती, भोगवे असे किनारे आहेत. वायंगणीला हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. गावकरी घरटी राखतात आणि पिल्ले निघाली की समुद्रात सोडतात. पिल्ले पाहायला मिळणे हा नशिबाचा भाग आहे. मिळाले तर मागे उभे राहा, विजेरी किंवा फ्लॅश मारू नका आणि पिल्लू हातात घेऊ नका.

वेंगुर्ला गावालगत, उभादांड्याला सागरेश्वराचे देऊळ आणि किनारा आहे. कवी मंगेश पाडगांवकर यांचा जन्म १९२९ चा, वेंगुर्ल्यातला. पहाटे सागरेश्वरला गेलात तर रापण पाहायला मिळू शकते. होडीने अर्धगोल जाळे टाकतात आणि किनाऱ्यावरून दोन्ही टोकांचे दोर पंचवीस-तीस माणसे ओढतात. काम चालू असताना दोराच्या मध्ये उभे राहून सेल्फी काढू नका. ओढायला हात लावलात तर कोणी नाही म्हणणार नाही, आणि हात लावणाऱ्याला मूठभर मासे द्यायची जुनी पद्धत आहे.

हिवाळ्यात गेलात तर कुठल्या गावी जत्रा आहे, हे घरमालकाला विचारा. जत्रेत रात्री दशावतारी नाटक असते. सगळ्या भूमिका पुरुष करतात, संवाद लिहिलेले नसतात आणि खेळ पहाटेपर्यंत चालतो. मालवणी खाज्याची पुडी घेऊन, अंगावर शाल घेऊन बसावे. निदान पहिली संकासुराची धमाल तरी मुलांना दाखवावी.

समुद्राविषयी

आता मुख्य गोष्ट. आपण घाटावरची माणसे. विहिरीत, तलावात, मार्कंडेय नदीत पोहायला शिकलेली. त्याचा समुद्रात फारसा उपयोग नाही.

साधारण पंचवीस वर्षांपूर्वी आमच्या शाखेची सहल मी वेंगुर्ल्याला नेली होती. जेवणाची व्यवस्था माझ्याकडे. दुपारी साडेतीनच्या सुमारास सगळे एका खाडीच्या मुखाजवळ पाण्यात उतरले. ओहोटी लागली होती. ते मला दिसत होते. त्या जागी ओहोटीत कोणी उतरत नाही, हे मला लहानपणापासून माहीत होते. पण सगळे रंगात आले होते, साहेबही पाण्यात होते. 'थोडा वेळ खेळतील आणि येतील, कशाला रसभंग करा' असे म्हणून मी गप्प राहिलो आणि भांडी आवरायला गेलो. दहा मिनिटांत एका सहकाऱ्याचा कॉलेजात जाणारा मुलगा आत ओढला गेला. तो उत्तम पोहणारा होता, म्हणूनच किनाऱ्याकडे तोंड करून जोर लावत राहिला आणि दमला. जवळ जाळी सुकवणाऱ्या दोघांनी होडी ढकलली आणि त्याला केसाला धरून वर घेतले. मुलगा वाचला. आज त्याला स्वतःची मुले आहेत. त्यातला एक रापणकर माझ्या शाळेतला होता. तो मला एवढेच म्हणाला, 'तू तरी सांगूक नको होता?' याला माझ्याजवळ तेव्हा उत्तर नव्हते, आजही नाही.

म्हणून हे नियम लिहून देतो.

१. गावातल्या माणसाला विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नये. जाळे विणणारा, नारळ विकणारा, कोणीही चालेल. 'इथे उतरले तर चालेल का?' एवढे विचारा. तो नको म्हणाला तर कारण विचारत बसू नका.

२. नदी-खाडीचे मुख टाळावे. ओहोटीला खाडीचे सगळे पाणी तिथून समुद्रात जाते आणि माणसाला घेऊन जाते. वाळू दर पावसाळ्यात सरकते, त्यामुळे गेल्या वर्षी उथळ असलेली जागा यंदा खोल असू शकते.

३. लाटा फुटताहेत आणि मध्येच एक पट्टा शांत दिसतो आहे, तर तो पट्टा सुरक्षित नसतो. किनाऱ्यावर आलेले पाणी परत आत जाण्याची ती वाट असते. आपली माणसे नेमकी तीच जागा मुलांसाठी निवडतात.

४. आत ओढले गेलात तर किनाऱ्याकडे पोहू नये. किनाऱ्याला समांतर, आडवे पोहावे. ओढ संपली की मग बाहेर यावे. पोहता येत नसेल तर पाठीवर तरंगून हात वर करावा. बुडणाऱ्यामागे रिकाम्या हाताने उडी मारू नये. एकाला वाचवताना चौघे जातात, अशा बातम्या आपण वाचतो. दोर, रिकामा कॅन, काहीतरी तरंगणारे फेकावे आणि मच्छीमारांना हाक मारावी.

५. गुडघाभर पाणी ही मर्यादा. मुलांजवळ एक मोठा माणूस पाण्याच्या बाजूला उभा हवा, वाळूवर खुर्ची टाकून नव्हे. घोट घेतलेल्यांनी पाण्यात जाऊच नये.

६. पावसाळ्यात, म्हणजे जून ते सप्टेंबर, पाण्यात अजिबात नाही. पाऊस थांबला तरी समुद्र लगेच शांत होत नाही. नारळी पौर्णिमा झाली म्हणून तो आपल्यासाठी मोकळा झाला, असे समजू नये.

७. अडचणीत ११२ आणि रुग्णवाहिकेसाठी १०८ हे क्रमांक चालतात. वेंगुर्ला आणि शिरोडा दोन्हीकडे सरकारी रुग्णालये आहेत.

भरतीची वेळ काढायचा आमच्याकडचा जुना हिशोब सोपा आहे. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणायचे. पंचमीला पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार, तर पावणेचारच्या सुमारास पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. पहाटे-सकाळची आणि दुपार-संध्याकाळची, अशा दोन्ही भरत्या जवळपास त्याच घड्याळी वेळेला येतात. पूर्ण भरतीनंतर सहा-सव्वासहा तास ओहोटी चालते. हिशोब अर्ध्या-पाऊण तासाने इकडे तिकडे होतो, पण पाणी चढते आहे की उतरते आहे, एवढे घरातल्या कॅलेंडरवरून कळते. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते, पाणी जास्त चढते आणि जास्त जोराने उतरते. सहलीची तारीख ठरवताना हे पाहावे.

काय आणावे

काजूगर आणावेत. बँकेत असताना काजू कारखान्यांची कर्जप्रकरणे मी पाहिली आहेत, मालाची तपासणी करताना थोडे शिकलो. पाकिटावर २४०, ३२० असे आकडे असतात. एका पौंडात, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅममध्ये, किती गर बसतात तो हा आकडा. आकडा लहान तेवढा गर मोठा आणि भाव जास्त. घरच्या शिऱ्या-खिरीसाठी पाकळी किंवा तुकडा घ्यावा, चव तीच आणि पैसे कमी. अख्खे २४० देवाच्या प्रसादाला किंवा व्याह्यांना.

कोकमाचे दोन प्रकार लक्षात ठेवा. आगळ म्हणजे मीठ घातलेला कोकमाचा रस, तो सोलकढीसाठी. साखरेचे ते अमृत कोकम, सरबतासाठी. गडबडीत उलट आणले जाते. सोले, कुळथाचे पीठ, तिरफळे, उन्हाळ्यात फणसपोळी-आंबापोळी हेही घ्यावे. सुके मासे आणायचे तर घट्ट बांधून डिकीत ठेवा, नाहीतर आंबोलीपर्यंत गाडीतली शाकाहारी मंडळी तुमच्याशी बोलणार नाहीत.

दोन दिवसांचा आराखडा

पहिला दिवस: सकाळी सातला निघून, सावंतवाडीला थांबून, दुपारच्या जेवणाला वेंगुर्ला. जेवून गावाप्रमाणे झोपावे. चार वाजता बाजार आणि डच वखार, संध्याकाळी बंदर.

दुसरा दिवस: पहाटे सागरेश्वर, मग घावणे. भरती पाहून कांदळवन सफर किंवा मोचेमाड, आरवली, शिरोडा, रेडी. दोन्ही एकाच दिवशी कोंबू नये. रात्री जत्रा असेल तर नाटक.

तिसऱ्या दिवशी सकाळी बाजार करून निघावे, दुपारी दोनपर्यंत घाट चढलेले असावे.

यात पुष्कळ काही राहून जाते. राहू द्यावे. पुढच्या खेपेला पुन्हा जाता येते, रस्ता तर आपल्या दारातूनच जातो. जाण्याआधी कोणाला काही विचारायचे असेल तर मंडळाच्या मासिक सभेला मी असतो. समुद्राबद्दल विचारलेत तर मी आता गप्प बसणार नाही, तुम्हाला कंटाळा आला तरी.